प्रवेश कुठे शोधायचा? विद्यापीठांच्या वेबसाइट तपासतानाच्या नोंदी

२८ एप्रिल २०२५

बारावी झालेल्या मुलाला विद्यापीठाच्या वेबसाइटवरून प्रवेशाची माहिती स्वतःची स्वतः काढता येते का, एवढंच या कामात बघायचं आहे. तीन विद्यापीठं घेतली आहेत, दोन सरकारी आणि एक खाजगी. नोंदींत त्यांना अ, ब आणि क म्हणायचं. अ-ने स्वतःहून चाचणी करून मागितली आहे, त्यामुळे काही बदलून बघायची सोय असली तर तिथेच.

साइट दिसते कशी, रंग बरे आहेत का, असले प्रश्न विचारायचे नाहीत. मुलं भिडस्त असतात, 'कशी वाटली?' म्हटलं की 'छान आहे मॅडम' हे उत्तर ठरलेलं. काम द्यायचं, मोठ्यानं बोलत बोलत करायला सांगायचं आणि आपण तोंड बंद ठेवायचं.

कामं त्यांच्याच भाषेत लिहिली. 'शुल्करचना शोधा' असं लिहिलं तर मेनूतला शब्द आपणच हातात दिल्यासारखं होतं. म्हणून असं लिहिलं: पहिल्या वर्षासाठी घरून एकूण किती पैसे मागशील? बीसीएला सीईटी लागते का? फॉर्मची शेवटची तारीख कोणती? कोणते कागद आजच काढायला टाकशील? ॲडमिशन घेतल्यावर दुसरीकडे नंबर लागला तर किती पैसे परत मिळतील? आणि बीकॉम आता तीन वर्षांचं की चार?

हा शेवटचा प्रश्न फुकटचा वाटेल, पण तो तसा नाही. नवं शैक्षणिक धोरण संलग्न कॉलेजांत २०२४-२५ पासून आलं, म्हणजे यंदाची ही दुसरीच बॅच. एका वर्षानंतर बाहेर पडलं तर प्रमाणपत्र, दोन वर्षांनी पदविका, तिसऱ्याला पदवी, चौथ्याला ऑनर्स. हे घरात कुणालाच माहीत नसतं, मोठ्या भावालासुद्धा नाही, कारण त्याच्या वेळी हे नव्हतंच.

चाचणी मोबाइलवर घ्यायची, तीही ज्याच्या त्याच्या फोनवर आणि ज्याच्या त्याच्या डेटावर. अठराच्या खालचे बरेच असणार, त्यामुळे पालकांची लेखी संमती घ्यायची आणि स्क्रीन रेकॉर्डिंगची वेगळी घ्यायची. मानधन म्हणून रिचार्ज.

५ मे

दुपारी एकला बारावीचा निकाल लागला. राज्याचा निकाल ९१.८८ टक्के. आज मुलांना बोलवण्यात अर्थ नव्हता. ओळखीच्या काही घरांतून मात्र विचारून घेतलं की निकालानंतर फोनवर नेमकं काय टाईप केलं. विद्यापीठाच्या साइटचा पत्ता कुणीच टाकला नव्हता. सगळ्यांचा रस्ता गुगलवरून. विद्यापीठाचं नाव, पुढे 'ॲडमिशन', पुढे साल, पुढे 'लास्ट डेट'. दोघांनी तर टाईप करायच्या ऐवजी बोलूनच विचारलं.

तेच शब्द आम्ही टाकून बघितले. वर दोन-तीन खाजगी 'कॉलेज माहिती' साइट आल्या, त्याखाली अ-ची स्वतःची लिंक. उघडली तर २०२१-२२ ची सूचना निघाली, प्रवेशाची मुदत वाढवल्याची. कोविडमुळे त्या वर्षी सगळंच पुढे गेलं होतं. सूचनेत साल आहे, पण ते जावक क्रमांकाच्या ओळीत, बारीक. वर ठळक अक्षरांत दिसते ती फक्त तारीख.

कारण तांत्रिक आहे आणि साधं आहे. अ दर वर्षी प्रवेशाचं नवीन पान काढतं आणि त्याला नवीन पत्ता देतं. जुन्या पानाला चार वर्षांत बाहेरून भरपूर लिंक लागलेल्या असतात, यंदाच्या पानाला एकही नसते. गुगलच्या लेखी जुनंच वजनदार. पत्ता एकच ठेवून दर वर्षी आतला मजकूर बदलला असता तर ही वेळ आली नसती. बाकी काही न करता एवढं केलं तरी चालेल, असं अहवालात पहिल्या पानावर टाकायचं.

९ मे, सिन्नर

बसस्टँडमागच्या अभ्यासिकेत वरची खोली मिळाली. रेंज फक्त खिडकीपाशी, म्हणून टेबल खिडकीला लावलं.

पहिली मुलगी कॉमर्सची. काम फीचं. अ-चं मुख्यपान उघडलं. वर दीक्षांत समारंभाचे फोटो सरकत होते आणि खाली लाल अक्षरांची पट्टी पळत होती. ती फोटोंकडे बघत थांबून राहिली. का थांबलीस, तर पुढच्या फोटोत ॲडमिशनचं येईल असं वाटलं. सगळे फोटो फिरून पुन्हा पहिला आला, तेव्हा तिनं तीन रेघांचा मेनू दाबला. प्रशासन, प्राधिकरणे, शैक्षणिक, परीक्षा, वित्त व लेखा, संशोधन, विद्यार्थी कक्ष. तिनं 'विद्यार्थी कक्ष' उघडलं. आत काय, तर गुणपत्रकाची दुसरी प्रत, स्थलांतर प्रमाणपत्र, पदवी प्रमाणपत्राचा अर्ज. 'हे आधीपासून शिकणाऱ्यांचं आहे,' म्हणाली आणि मागे आली. पोरीनं एका वाक्यात सांगितलं ते आम्ही अहवालात तीन परिच्छेदांत सांगणार. साइटच्या हिशेबात विद्यार्थी म्हणजे ज्याला परीक्षा क्रमांक मिळालेला आहे तो.

फी सापडली 'वित्त व लेखा'मध्ये. तिला नाही सापडली, तिनं घरी फोन लावून चुलतभावाला विचारलं, त्यानं लिंक पाठवली. ही पळवाट आम्ही अडवली नाही, कारण घरी ती हेच करणार. पीडीएफ उघडली तर पान आडवं स्कॅन केलेलं. तिनं फोन आडवा धरला, तर फोनबरोबर पानही फिरलं आणि पुन्हा आडवंच राहिलं. दोनदा असं झाल्यावर तिनं फोन टेबलावर ठेवला आणि मान वाकडी करून वाचायला लागली.

तक्त्यात शिक्षण शुल्क, ग्रंथालय, जिमखाना, प्रयोगशाळा, विमा, विद्यार्थी कल्याण निधी, अश्वमेध (क्रीडा महोत्सव) असे रकाने एकामागून एक होते. बेरीज नाही. ती दुसऱ्या पानावर होती, पण दुसरं पान आहे हे कळायला काही खूण नव्हती. तिनं कॅल्क्युलेटर उघडला, दोन आकडे घातले, परत पीडीएफवर आली तर पान पुन्हा वरून सुरू. मग वहीत लिहून घेतलं. जो आकडा निघाला त्यात परीक्षा शुल्क नव्हतं, कारण ते परीक्षा विभागाच्या वेगळ्या परिपत्रकात आहे, आणि पात्रता शुल्क तिसऱ्याच जागी.

'असू दे मॅडम, कॉलेजात खिडकीवर विचारते. तिथे काका सांगतात.'

दुसरा मुलगा सायन्सचा, त्याला बीसीए करायचं आहे. मागच्या वर्षापर्यंत बारावीच्या टक्क्यांवर प्रवेश होता असं त्यानं ऐकलेलं. खरं म्हणजे बीबीए, बीसीए, बीएमएस हे अभ्यासक्रम एआयसीटीई या केंद्रीय तंत्रशिक्षण परिषदेच्या कक्षेत आल्यापासून, २०२४ पासून, राज्याच्या सीईटी कक्षाची वेगळी परीक्षा आहे. ब-च्या साइटवर बीसीएच्या पानावर पात्रता 'बारावी उत्तीर्ण' एवढीच. सीईटीचा उल्लेख कुठे, तर प्राचार्यांना उद्देशून काढलेल्या परिपत्रकात. मुलगा निर्धास्त होऊन म्हणाला, 'नाही लागत सीईटी.' त्याच्यासाठी उत्तर बरोबरच होतं, साइटवर तेच लिहिलंय.

चाचणी संपल्यावर त्याला खरं सांगितलं. नियमानुसार मधेच बोलायचं नसतं, पण संपल्यावर सांगायला काही हरकत नाही. सीईटीच्या फॉर्मची मुदत कधीच होऊन गेली होती. मागच्या वर्षी जागा रिकाम्या राहिल्या म्हणून सीईटी कक्षानं जादा परीक्षा घेतली होती, तिकडे लक्ष ठेव म्हटलं. काही कॉलेजांनी याच अभ्यासक्रमांची नावं थोडी बदलून ते सीईटीबाहेर चालवले आहेत, तेही सांगितलं. हे सगळं विद्यापीठाच्या पानावर असायला हवं होतं.

१० मे

कालचाच क्रम, सगळ्यांचं घोडं तिथेच अडतंय. नवीन एवढंच की कॉलेजची यादी कुणालाच वापरता आली नाही. ड्रॉपडाउनमध्ये जिल्हा, मग तालुका, मग नावं. नावं संस्थेच्या कायदेशीर नावानं सुरू होतात, त्यामुळे 'अमुक शिक्षण प्रसारक मंडळाचे' अशा ओळींची रांग लागते आणि फोनच्या रुंदीत कॉलेजचं खरं नाव कापलं जातं. लोक कॉलेजला ज्या नावानं ओळखतात ते यादीत नसतंच. नाशिकला कुणालाही विचारा, केटीएचएम आणि आरवायके म्हणतील. पुण्यात बीएमसीसी आणि एसपी. मुंबईत केसी आणि पोदार. 'केटीएचएम'चं पूर्ण नाव के.आर.टी. आर्ट्स, बी.एच. कॉमर्स अँड ए.एम. सायन्स कॉलेज, हे तिथे शिकून गेलेल्यांनाही चटकन आठवत नाही. यादीत एक रकाना प्रचलित नावाचा वाढवावा, शोध त्यावर चालावा. खर्च काही नाही.

१४ मे

आज क, म्हणजे खाजगी. साइट देखणी, फोनवर झटकन उघडणारी, मेनूत पहिलाच शब्द 'प्रवेश'. आमच्या बाजूनं बघितलं तर परीक्षेत पहिली यावी अशी.

फी मात्र दिसत नाही. 'फी जाणून घ्या' दाबलं की चौकट उघडते: नाव, मोबाइल, ईमेल, जिल्हा, आवडीचा अभ्यासक्रम. चौकट बंद करायची फुली आहे, पण इतकी फिकट की मुलांना ती दिसतच नाही. आजच्या मुलीनं वडिलांचा नंबर टाकला. फी आली नाही, 'आमचे समुपदेशक लवकरच संपर्क करतील' असं आलं. ती पुढच्या कामाकडे वळली तोवर खाली बसलेल्या वडिलांचा फोन वाजला. ते फोन कानाला लावूनच जिना चढून वर आले. 'अगं, कुठं ॲडमिशन घेतलीस तू? ही बाई म्हणते आज सीट बुक केली तर डिस्काउंट आहे.'

मुलगी घाबरली. चाचणी तिथेच थांबवली, वडिलांना चहा पाजला आणि सगळा प्रकार समजावून सांगितला. संध्याकाळपर्यंत त्यांना त्या नंबरांवरून पुन्हा पुन्हा फोन येत राहिले.

पुढच्या सर्व चाचण्यांत क-साठी आम्ही वेगळं सिमकार्ड वापरणार. आणि अहवालात क-च्या पुढे 'माहिती सापडते' असं लिहायचं नाही. माहितीच्या बदल्यात घरचा नंबर द्यावा लागतो, हा फरक तक्त्यातल्या टिकमार्कमध्ये मावत नाही.

१५ मे

पैसे परत मिळण्याचा प्रश्न. मुलांपेक्षा आई-वडिलांना यात जास्त रस. यूजीसीची, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगाची, २०१८ ची अधिसूचना स्पष्ट आहे: प्रवेशाच्या जाहीर अंतिम तारखेच्या १५ दिवस किंवा त्याआधी प्रवेश रद्द केला तर १०० टक्के, १५ दिवसांहून कमी उरले असताना ९०, अंतिम तारखेनंतर १५ दिवसांच्या आत ८०, १६ ते ३० दिवसांत ५०, त्यानंतर काही नाही. २०२४-२५ साठी तर यूजीसीनं ३० सप्टेंबरपर्यंत पूर्ण परतावा आणि ३१ ऑक्टोबरपर्यंत जास्तीत जास्त हजार रुपये कपात असं सांगितलं होतं.

ब-च्या माहितीपुस्तकात टक्केवारीचा तक्ता आहे, बरोबर आहे, सापडतोही. तरी एकालाही हिशेब जमला नाही. सगळा तक्ता 'जाहीर अंतिम तारीख' या एका गोष्टीवर लटकलेला, आणि ती तारीख त्या पुस्तकात नाही. ती सूचनाफलकावर वेगळी निघते, मग मुदतवाढ, मग पुन्हा मुदतवाढ. कोणती धरायची? आम्ही आपसात वाद घातला, एकमत झालं नाही. मग बारावीच्या पोराकडून काय अपेक्षा ठेवायची.

२० मे, सिन्नर, नेट कॅफे

ही भेट मूळ आराखड्यात नव्हती. पण जो तो म्हणायचा, 'फॉर्म मी नाही भरणार, दादा भरून देतो.' तर म्हटलं त्या दादालाच भेटू.

तहसीलजवळचा गाळा. दोन संगणक, एक झेरॉक्स, एक लॅमिनेशनचं मशीन. बाहेर बाकावर पाच-सहा पोरं आणि दोन बाप प्लास्टिकच्या पिशवीत कागद घेऊन बसलेले. दादाला वेळ नव्हता, म्हणाला बसा, बघत राहा, मधेमधे विचारा.

भिंतीवर त्यानं स्वतः टाईप करून चिकटवलेला कागद होता. फोटो काढायची परवानगी घेतली. वर मोठ्या अक्षरांत 'आधी हे आणा, मग नंबर लावा'. खाली तीन गट. पहिला 'कॉलेजातून': टीसी, बारावीचं मार्कलिस्ट. दुसरा 'तहसीलातून': उत्पन्नाचा दाखला, डोमिसाईल, जातीचा दाखला, नॉन-क्रिमीलेयर, आणि यातल्या शेवटच्यापुढे पेनानं 'वेळ लागतो, आजच टाका'. तिसरा 'फोनमधून': आधारला जोडलेला मोबाइल चालू हवा, फोटो ५० केबीच्या आत, सही २० केबीच्या आत, कोऱ्या पांढऱ्या कागदावर काळ्या पेनानं.

अ-च्या माहितीपुस्तकात हेच कागद आहेत, पण तिथे ते प्रवर्गानुसार मांडलेले. खुला, इमाव (ओबीसी), विजाभज (विमुक्त जाती, भटक्या जमाती), एसईबीसी (सामाजिक व शैक्षणिक मागास), ईडब्ल्यूएस (आर्थिक दुर्बल), दिव्यांग, माजी सैनिक, आणि प्रत्येकात तीच यादी थोड्या फरकानं. कार्यालयातल्या तपासनिसाला ते सोयीचं, कारण त्याच्यापुढे एका प्रवर्गाची फाईल येते. कागद गोळा करणाऱ्याला मात्र हे हवं असतं की कुठे जाऊ आणि किती दिवस लागतील. दादानं ते कुणी न सांगता केलं.

त्याला विचारलं, विद्यापीठाच्या साइटवर तू माहिती कुठे बघतोस? 'नाही बघत. पहिल्या दिवशी एक फॉर्म भरून बघतो. जिथं अडेल तिथं कळतं काय लागतं.' पहिला फॉर्म कुणाचा? 'माझ्या भाच्याचा. यंदा भाचे संपले, शेजारच्यांचा भरला.'

बाकावरच्या एका मुलीला मोफत शिक्षणाबद्दल विचारायचं होतं. ८ जुलै २०२४ चा शासन निर्णय: आठ लाखांच्या आत उत्पन्न असलेल्या घरातल्या ईडब्ल्यूएस, एसईबीसी आणि इमाव मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांत शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क पूर्ण माफ. तिला बीएस्सी करायचं होतं. 'व्यावसायिक' हा शब्द तिच्यापर्यंत पोचलाच नव्हता, व्हॉट्सॲपवर फिरलेल्या चित्रात तो नव्हता. दादानं समजावलं: इंजिनिअरिंग, फार्मसी वगैरेला आहे, तुला महाडीबीटीवर (शासनाच्या शिष्यवृत्ती पोर्टलवर) दुसरी स्कॉलरशिप बघू. तीनही विद्यापीठांच्या साइटवर ही फोड कुठेही नाही, आम्ही रात्री पुन्हा एकदा शोधून बघितलं.

एक खटकलं तेही लिहिते. त्याच्या रजिस्टरमध्ये मुलांचे लॉगिन आणि पासवर्ड लिहिलेले असतात. पोरं विसरतात म्हणून. पुढे राउंडच्या वेळी पर्याय भरायला तीच पोरं परत येतात तेव्हा हे रजिस्टरच कामी येतं. पण एका वहीत गावातल्या सगळ्या पोरांच्या चाव्या! विद्यापीठाला यावर एक ओळ लिहावीच लागेल.

२७ मे

सिन्नरची फेरी रद्द, पाऊस. यंदा मान्सून कालच मुंबईत येऊन बसला, मे संपायच्या आत. दिवसभर ऑफिसात पीडीएफ उघडत बसलो.

अ आणि ब दोन्हीकडे मराठी पीडीएफ दोन जातींच्या. एक, स्कॅन: कागदाचा फोटो, आत अक्षर नाहीच. दोन, जुन्या फॉन्टमधल्या: डोळ्यांना मराठी दिसते, पण त्यातली ओळ कॉपी करून दुसरीकडे टाकली की इंग्रजी अक्षरं, कंस आणि टक्क्याची चिन्हं यांचा कचरा पडतो. श्री-लिपी, कृतिदेव, योगेश हे फॉन्ट युनिकोडच्या, म्हणजे सगळ्या लिप्यांसाठीच्या एका सामायिक संकेतपद्धतीच्या, आधीच्या काळातले. त्यांनी इंग्रजी अक्षरांच्या जागी मराठी आकार बसवले होते, आणि त्या काळात तो मोठा उपकारच होता. पण संगणकाच्या लेखी ती फाईल आजही इंग्रजीच आहे. साइटच्या शोधपट्टीत 'वसतिगृह' टाकलं की शून्य निकाल येतो, आणि वसतिगृहाची नियमावली तर तिथेच पडलेली असते. कार्यालयांतले संगणक बदलले, फॉन्ट मात्र बदलीवर आलेल्या प्रत्येक टंकलेखकाबरोबर पुढे सरकत राहिले.

दुपारी एका अंध विद्यार्थ्याशी फोनवर बोलणं झालं. तो एमएच्या प्रवेशासाठी बघतोय, एनव्हीडीए नावाचा स्क्रीन रीडर (पडद्यावरचा मजकूर वाचून दाखवणारं सॉफ्टवेअर) वापरतो. स्कॅन पीडीएफवर स्क्रीन रीडर गप्प. जुन्या फॉन्टच्या फाईलवर मात्र गप्प बसत नाही, तो कचरा मोठ्यानं वाचतो. 'मला वाटलं फाईल करप्ट आहे, म्हणून मी पुन्हा डाउनलोड करत राहिलो,' म्हणाला. दिव्यांग हक्क कायदा २०१६ चा. सरकारी संकेतस्थळांची मार्गदर्शक तत्त्वं २००९ पासून आहेत, त्यांची तिसरी आवृत्ती २०२३ मध्ये आली. अ-च्या साइटवर अक्षरं मोठी-लहान करायचं बटण आहे. स्कॅनवर ते चालत नाही.

३ जून, अ-च्या कार्यालयात

बैठक लांबली, पण कामाची झाली. मान वाकडी करून वाचणाऱ्या मुलीचं रेकॉर्डिंग दाखवलं (चेहरा नाही, फक्त स्क्रीन आणि आवाज). 'खिडकीवर काका सांगतात'ला सगळे हसले, मग जरा शांत झाले.

संगणक केंद्राचे साहेब म्हणाले, 'आमच्याकडे विभागाकडून पीडीएफ येते, आम्ही चढवतो. आत काय आहे ते वाचणं आमचं काम नाही.' खरंच नाही. साइटवर 'वित्त व लेखा'त फी का, तर ते पान चढवायचा अधिकार त्या विभागाला आहे म्हणून. मेनू म्हणजे अधिकारांची वाटणी आहे, आणि ती कुणी मोडायला तयार नाही.

स्कॅनचं कारण उपकुलसचिवांनी सांगितलं ते मला पटलं. सही-शिक्क्याचा कागद हाच पुरावा. 'आम्ही टाईप करून टाकलं आणि एक शून्य जास्त पडलं, तर उद्या कोर्टात कोण उभं राहणार? तुम्ही?' यात आडमुठेपणा नाही, पूर्वी कधीतरी चटका बसलेला दिसतो. म्हणून मागणी बदलली: सहीची पीडीएफ काढू नका, तीच अधिकृत राहू दे. तिच्या वर साधा टाईप केलेला गोषवारा द्या, आणि त्याखाली लिहा की फरक आढळल्यास सहीची प्रत ग्राह्य. याला होकार मिळाला. एक पान करून बघायचं, दर वर्षी त्याच पत्त्यावर राहील असं. विभागांच्या पानांना हात लावायचा नाही.

बीसीएच्या सीईटीचा विषय काढला तेव्हा कळलं की अ-कडे बीसीएचं पान कुणाचं, यावरच दोन विभागांचं एकमत नाही.

११ जून

माहितीच्या चिठ्ठ्या करून मुलांना गट पाडायला लावले. नावं त्यांनीच द्यायची. जवळजवळ सगळ्यांनी वेळेवरून गट केले: 'आत्ता', 'फॉर्म भरताना', 'नंबर लागल्यावर'. शिष्यवृत्ती बहुतेकांनी शेवटच्या गटात टाकली, आणि नेमका तिच्यासाठी लागणारा उत्पन्नाचा दाखला त्यामुळे उशिरा निघतो. म्हणजे मुलांच्या मनातला क्रम जसाच्या तसा उचलूनही चालणार नाही. शिष्यवृत्तीचं पान 'नंबर लागल्यावर'मध्येच ठेवायचं, पण दाखल्याची ओळ 'आत्ता'मध्ये आणायची. दादाच्या भिंतीवर हेच होतं.

हाच खेळ अ-च्या तीन कर्मचाऱ्यांना दिला. त्यांनी विभागवार लावल्या, पटापट, एकमेकांशी हुबेहूब जुळणाऱ्या.

१९ जून, सिन्नर

नमुना पान फोनवर दाखवलं. सगळ्यात वर 'शेवटचा बदल' आणि तारखा. मग 'हे कागद आज काढायला टाका', कुठून ते सांगून. मग फी: आधी एकूण रक्कम एका ओळीत, परीक्षा आणि पात्रता शुल्क धरून, फोड बघायची असेल तर खाली. परताव्याच्या तक्त्यात टक्क्यांऐवजी थेट तारखा, मुदत वाढली की तारखा आपोआप सरकतील अशा. तीन वर्षं की चार, यावर चार ओळी.

फी आणि कागद या दोन कामांत कुणी अडलं नाही. कॉमर्सवाली पुन्हा आली होती, तिनं एकूण रक्कम बघितली आणि लगेच विचारलं, 'हप्ते आहेत का?' हा प्रश्न आमच्या यादीतच नव्हता. आता टाकला.

सीईटीचं मात्र अजून जमलेलं नाही. लिंक दाबली की मुलगा सीईटी कक्षाच्या साइटवर जातो. रंग वेगळा, नाव वेगळं, मग तो थबकतो: 'ही साइट खरी आहे ना?' या प्रश्नाचं मला कौतुकच वाटलं, क-चा अनुभव घेतलेल्यानं असंच विचारावं.  पत्ता बघून ओळख म्हणावं, तर फोनवर पत्त्याची पट्टी अर्धी कापलेली असते. लिंकच्या आधी एक ओळ टाकली: 'पुढची साइट राज्य शासनाच्या सीईटी कक्षाची आहे, फॉर्म तिथेच भरायचा, इथे नाही.' दुपारच्या मुलांपैकी थबकणारे कमी झाले, पण थबकणं पूर्ण थांबलं नाही.

दादाला पान दाखवलं. त्यानं पहिल्यांदा फोटोच्या केबी शोधल्या. नव्हत्या. 'मग काय उपयोग,' म्हणाला. आजच टाकल्या.

२७ जून

अ-नं पान चढवलं. गोषवारा टाईप केलेला, खाली सहीची प्रत, ठरल्याप्रमाणे. परताव्याच्या तारखा मात्र काढून टाकल्या आहेत, विधी विभागाचा अभिप्राय येईपर्यंत टक्केच राहतील. २०२१-२२ च्या सूचनेवर 'जुनी सूचना, यंदाची माहिती इथे' अशी पट्टी लावून घेतली, ते काम संगणक केंद्रानं स्वतःच्या अखत्यारीत केलं, फाईल न फिरवता.

ब-ला अहवाल पाठवला, पोच मिळाली. क-ला पाठवायचा की नाही यावर उद्या बोलू. माझं मत पाठवावा, फीची चौकट आणि फिकट फुलीचा फोटो लावून.

उरलेलं: कॉलेजच्या प्रचलित नावांचा रकाना कोण भरणार ते ठरलेलं नाही, संलग्नता विभाग म्हणतो प्रत्येक कॉलेजकडून पत्र मागवावं लागेल. पत्राचा मसुदा आम्ही करून देतो म्हटलंय. डिप्लोमानंतर थेट दुसऱ्या वर्षाला येणाऱ्यांची चाचणी जुलैत, त्यांची कागदांची यादी वेगळी आहे. आणि लॉगिन-पासवर्डच्या वहीबद्दलची ओळ अजून लिहायची राहिली आहे, दादाशी आधी बोलून.